हवा मोजायचा डबा

माझ्या सासूबाईंचं घर घाटंजीत कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या मागच्या गल्लीत आहे आणि ते घर सोडायला त्या तयार नव्हत्या. भानगड खरं तर एवढीच होती. पण घरातल्या एवढ्याशा भानगडीलाही महिने पुरतात, तसं आमचं झालं.

सासरे गेल्यापासून त्या तिथे एकट्या राहतात. शेत बटईनं दिलेलं. घर सिमेंटचं, पुढे ओसरी, मागे अंगण आणि अंगणाला चारी बाजूंनी डोक्याएवढी भिंत. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की समोरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि जिनिंगमधून रुई उडायला लागते. ती तुळशीवर बसते, दोरीवरच्या कपड्यांवर बसते, भिंतीवर झोपलेल्या मांजराच्या पाठीवरही बसते. सासूबाई रोज दोनदा झाडतात आणि दोनदा जिनिंगवाल्याला शिव्या घालतात. दोन्ही कामं अगदी मन लावून करतात.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात त्यांना खोकला लागला. आधी आम्ही लक्ष दिलं नाही, कारण हिवाळ्यात कोणाला खोकला होत नाही? पण तो हटेना. यवतमाळच्या डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला, तोंडाने औषध ओढायचं एक नळकांडं दिलं आणि माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना धुळीत राहू देऊ नका. छाती नाजूक झाली आहे." नवऱ्याने ते वाक्य असं काही मनावर घेतलं की त्या दिवसापासून त्याच्या तोंडी दुसरा विषय नाही. आईला यवतमाळला आणायचं. आमच्या फ्लॅटमधली मधली खोली रिकामी करायची. झालं.

तोवर आम्ही महिन्यातून एखाद्या रविवारी घाटंजीला जायचो. खोकला सुरू झाल्यावर दर रविवारी जायला लागलो. सकाळी आठला निघायचं, साडेनऊपर्यंत पोचायचं, जेवायचं, दुपारी अर्धा तास डोळा लावायचा आणि उन्हं उतरायच्या आत परत. जेवण ठरलेलं असे. रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण. ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, रोडगा म्हणजे जाडसर कणकेचा, आत तेलाचे पदर भरलेला गोळा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला. राख झटकून, फोडून, वरून तूप ओतून खायचा. माझं माहेर यवतमाळातलं नोकरदार घर. आमच्याकडे रोडगे वर्षातून एकदा, तेही कोणाच्या तरी मळ्यात सहल निघाली तर. इथे दर रविवारी ताटात. मी निर्लज्जासारखी चार-चार खायची आणि सासूबाई माझ्या ताटाकडे बघून खूश व्हायच्या.

नवरा मात्र जेवता जेवता विषय काढायचाच. "आई, तू आता इथी राहू नको."

"काहून? इथी काय वाघ हाय का?"

"धूळ हाय. जिनिंग हाय."

"जिनिंग तू पैदा व्हायच्या आंधीपासून हाय. तुले काही झालं का?"

त्याच्याकडे एक पुरावा होता. तो रोज संध्याकाळी आईला फोन करायचा आणि त्याच्या लक्षात आलं होतं की सोमवारी खोकला सगळ्यात जास्त असतो. सोमवारी बोलताना तीन-तीनदा थांबावं लागतं, गुरुवार-शुक्रवारपर्यंत कमी होतं, पुन्हा सोमवारी उसळतं. जिनिंगला रविवारी सुट्टी असते आणि सोमवारी ती पुन्हा सुरू होते. त्याचं गणित जुळलं होतं. सोमवारी मशीन चालू, सोमवारी खोकला चालू. एका सरकारी कार्यालयात वीस वर्षं फायली जुळवलेला माणूस, त्याला याहून पक्का पुरावा कुठला लागणार?

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. माझ्या स्वभावाबद्दल घरात सगळ्यांचं एकमत आहे की मी लवकर तापते. त्या रविवारी मायलेकांचं तेच ते ऐकून मी तापले आणि म्हणाले, "उगाच भांडता कशाला? हवा मोजू या. संक्रांतीपर्यंत मोजू. वाईट निघाली तर आई यवतमाळला येतील. चांगली निघाली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही, तुम्हीही नाही आणि मीही नाही."

नवरा लगेच हो म्हणाला, कारण त्याला निकाल माहीत होता. सासूबाईंनी मला विचारलं, "मशीन खोटं तं नाई बोलत?"

"नाही."

"मंग लाव. माह्या घरात धूळ सापडली तं मी चालत येतो यवतमाळले."

मी आठ दिवस प्रयोगशाळेत बसून डबा तयार केला. खरोखरच जेवणाचा प्लास्टिकचा डबा होता तो. एका बाजूला भोक, दुसऱ्या बाजूला भोक, आत नाण्याएवढा पंखा, बोटाच्या पेराएवढा लेझर आणि त्याच्या तिरकस बाजूला उजेड टिपणारा एक काळा ठिपका. पंखा हवा ओढतो. हवेतला कण लेझरच्या रेषेत आला की उजेड त्याच्यावर आपटून बाजूला उडतो आणि तो उडालेला उजेड ठिपका टिपतो. मोठा कण उजेड एका तऱ्हेने उडवतो, बारीक कण दुसऱ्या तऱ्हेने. त्यावरून किती कण आणि केवढे कण याचा अंदाज बांधायचा. दर मिनिटाला एक आकडा आतल्या कार्डावर लिहिला जातो. घरी आणून कार्ड लॅपटॉपला लावलं की आकड्यांची रेघ दिसते.

हे सगळं मी सासूबाईंना ओसरीवर डबा टांगताना समजावलं. माझी मुलं हा धडा आठवडाभर शिकून परीक्षेत उलटा लिहितात. सासूबाईंनी डब्याच्या भोकात एक डोळा लावला आणि म्हणाल्या, "म्हंजे तंबूतल्या शिनेमावानी. डोक्यावरून उजेडाचा पट्टा जाये ना, तं त्याच्यात बिडीचा धूर दिसे. पट्ट्याच्या भाईर तोच धूर दिसत नसे. तसंच ना?"

"तसंच," मी म्हणाले. त्यांचा मला इतका अभिमान वाटला की मी नवऱ्याकडे बघून घेतलं.

पहिल्या रविवारी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं तर रेघ पार जमिनीला टेकलेली. इतकी स्वच्छ हवा हिमालयातही नसेल. नवऱ्याचा चेहरा पडला. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून अगदी साळसूदपणे म्हणाल्या, "म्यां म्हन्लंच होतं." मला संशय आला. डबा नीट पाहिला तर भोकाच्या कडेला पांढरा धागा अडकलेला.

"आई, डब्यावर काही झाकत होतात का?"

त्या अजिबात ओशाळल्या नाहीत. सासऱ्यांच्या जुन्या धोतराचा तुकडा चौघडी करून, ओला करून, त्यांनी डब्याला गुंडाळला होता आणि दर रविवारी आम्ही यायच्या तोंडावर तो काढून ठेवायचा असा बेत होता. "एवढी महागाची मशीन, तिच्यात धूळ गेली तं खराब नाई होनार?"

"धूळ आत जाण्यासाठीच ती मशीन आहे!" मी ओरडले. पारा चढला की मी मोठ्याने बोलते, गल्लीतल्या लोकांना वाटतं सून सासूला बोलून राहिली. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्याच.

मला पुढे हळूहळू समजलं की त्यांना डब्यापेक्षा घराची काळजी होती. कोणी परका येऊन घरात धूळ किती हे मोजणार, म्हणजे बाईच्या हाताची परीक्षाच ती. त्यांनी माळ्यावरची भांडी उतरवून घासली होती, ओसरी दोनदा सारवल्यासारखी पुसली होती, खिडक्यांचे गज चिंचेने चोळले होते. डबा हवेचा हिशेब करतो, घराचा नाही, हे मी सांगत होते आणि त्या मान डोलवत होत्या. पण पाहुणे यायचे म्हटल्यावर घर आवरणाऱ्या बाईला असं सांगून काय उपयोग?

दुसऱ्या आठवड्याचं कार्ड घरी आणून लावलं तर भलतंच निघालं. रोज दुपारी दोनला रेघ ताडकन वर चढायची आणि चारला खाली यायची. नवरा हर्षभरित. मी चक्रावले. दुपारी दोनला जिनिंगमध्ये असं काय होतं? शेवटी मी शेजारच्या काकूंना फोन लावला. "काकू, दुपारी आमच्या घराकडे काही धूळ-बिळ उडते का हो?"

"धूळ नाई," काकू म्हणाल्या, "पन तुह्या सासूनं कूलर काहाडला ना."

"कूलर?"

"हो. एवढ्या थंडीत. माह्याच भाच्यानं उचलून ठेवला ओसरीवर, तुमी आले तवा त्यानंच आत नेला. दुपारी दोन घंटे चालवते. आंगावर शाल घेऊन बसते समोर. म्यां म्हन्लं, काहून वो, गर्मी होऊन राह्यली का? तं म्हन्ते, नाई, हवा धुऊन राह्यली."

मी फोन ठेवून हसत सुटले. विदर्भात उन्हाळ्यात कूलरशिवाय माणूस जगत नाही. मे महिन्यातल्या दुपारी बाहेरची तापलेली, मातकट हवा कूलरच्या ओल्या वाळ्यातून आली की गार आणि स्वच्छ वाटते, हा इथल्या प्रत्येकाचा अनुभव. म्हणून डिसेंबरात शाल पांघरून त्यांनी डब्यावर कूलर सोडला होता. आणि बिचाऱ्यांचा डाव त्यांच्यावरच उलटला होता. घाटंजीचं पाणी जड, कूलरमधून त्या पाण्याचे अतिबारीक थेंब उडतात, थेंबांवरही उजेड आपटतो आणि माझा डबा थेंब आणि धूळ यांत फरक करू शकत नाही. मशीन खोटं बोलत नाही म्हणाले होते मी. मशीन खोटं बोलत नव्हती, पण समोर काय उडतंय ते विचारण्याची तिला अक्कल नव्हती.

हे नवऱ्याला सांगावं की न सांगावं, असा विचार एक क्षण माझ्या मनात आला. सांगितलं नसतं तर सासूबाई हरल्या असत्या. मला त्या यवतमाळला यायला हव्या होत्या का? खरं सांगायचं तर होय. मधल्या खोलीत त्यांची खाट, सकाळी त्यांच्या हातचा चहा, संध्याकाळी घरी आल्यावर कोणीतरी घरात असणं. पण त्या कूलरच्या थेंबांनी हरून आल्या असत्या तर मला त्यांच्या तोंडाकडे बघवलं नसतं. मी सांगितलं. नवरा हिरमुसला. ते दोन्ही आठवडे आम्ही बाकीचं काही न बघता रद्द केले. कूलर पुन्हा प्लास्टिकमध्ये बांधला आणि सासूबाईंनी तुळशीवर हात ठेवून कबूल केलं की आता डब्याच्या वाटेला जाणार नाही.

त्यांनी शब्द पाळला. पुढचे आठवडे रेघ सरळमार्गी निघाली. सकाळी थोडी वर, दुपारी खाली, संध्याकाळी गल्लीतल्या चुली पेटल्या की पुन्हा थोडी वर. जिनिंग चालू असतानाही फार हलायची नाही. याचं मला आश्चर्य वाटायला नको होतं. जी रुई आपल्याला डोळ्यांनी दिसते ती जाडी. ती नाकातच अडकते, शिंक आणते, घशाला खवखव आणते, पण छातीत खोल उतरायला तिचं अंग मोठं पडतं. खाली उतरतात ते दिसत नाहीत इतके बारीक कण. आणि त्यांचाच आकडा डबा लिहीत होता.

पण दर रविवारी सकाळी तीच रेघ कागदाच्या वर निघून जायची. पावणेसातला चढायला लागायची, दहापर्यंत उतरायची. पहिल्या चांगल्या आठवड्यात एकदा. दुसऱ्या आठवड्यातही तसंच.

"बघ," नवरा म्हणाला, "किती वर गेली ते. आणि सोमवारी खोकला. आता तरी पटलं?"

"रविवारी जिनिंग बंद असते."

"मग ट्रक धूत असतील. काहीतरी जाळत असतील. हवा वाईट आहे की नाही एवढं सांग."

हवा वाईट होती, हे मला नाकारता येत नव्हतं. ठरल्याप्रमाणे तो जिंकला होता. त्याने मधल्या खोलीसाठी नवी खाट आणली, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला. फोनवर त्याने आईला सांगितलं तेव्हा त्या फक्त "बरं" म्हणाल्या. भांडल्या नाहीत. शब्द दिला होता ना त्यांनी. त्यांचं ते "बरं" ऐकून मला दोन दिवस कामात लक्ष लागलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी आम्हाला जाता आलं नाही. माझी परीक्षेची ड्युटी होती आणि नवऱ्याला ताप होता. शुक्रवारीच फोन करून कळवलं. संक्रांतीच्या आधीचा रविवार आला तेव्हा आम्ही गेलो. त्यांचं सामान बांधायला सुरुवात करायची, असं ठरलं होतं. दार उघडलं तेव्हा सासूबाई न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून, कुंकू लावून उभ्या होत्या. अंगणात राखेचा ढीग, त्यातून हलकी ऊब, आणि तो वास. माझ्या मते जगात घराचा वास म्हणून काही असेल तर तो हाच. ओसरीवर दोन गाठोडी बांधून ठेवलेली होती. त्यांच्याकडे आम्ही कोणी बघितलं नाही आणि जेवायला बसलो. मी त्या दिवशीही चार खाल्ले.

नवरा आतल्या खोलीत आडवा झाला. सासूबाई भांडी घासत होत्या. मी ओसरीवर त्या गाठोड्यांशेजारी लॅपटॉप उघडून बसले आणि दोन आठवड्यांचं कार्ड लावलं. निकाल लागलाच होता, तरी सवय म्हणून लावलं. सोमवार, मंगळवार, सरळ. मग तो आम्ही न गेलेला रविवार.

त्या रविवारी सकाळी रेघ हललीच नव्हती.

मी कार्ड काढून पुन्हा लावलं. आकडे मोजून पाहिले. पुढचे सहा दिवस पुन्हा सरळ. आणि अगदी शेवटी, त्याच दिवशी सकाळी, काही तासांपूर्वी, रेघ पुन्हा कागदाच्या वर. मी मान वर केली. दारातून थेट अंगण दिसत होतं आणि अंगणात तो राखेचा ढीग.

मी उठून सासूबाईंच्या जवळ गेले. "आई, तुम्ही गोवऱ्या किती वाजता पेटवता?"

"साडेसहाले."

"इतक्या लवकर? आम्ही तर साडेनऊला येतो."

"अवं, धूर सरला पायजे ना तुमी यायच्या आंधी," त्या तवा घासत म्हणाल्या. "तुह्ये डोये चुरचुरतात. पयल्या साली तू आलती तं केवढे लाल झालते. मंग म्यां ठरवलं, हिच्यासमोर धूर नाई करायचा. सकायी सकायी फुंकून घेतो, निखारा झाला का मंग बसतो थापाले. मंग न्हातो, लुगडं बदलतो."

आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. पहिल्या वर्षानंतर मी त्या अंगणात धूर पाहिलेला नाही हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. हिवाळ्याच्या पहाटे हवा जड होऊन खाली बसलेली असते, चारही बाजूंना भिंत, आणि त्या भिंतींच्या आत एक बाई दोन तास गोवऱ्यांवर वाकून फुंकत होती. एरवी एकटीसाठी त्या गॅसवर भाकर टाकायच्या. धूर फक्त रविवारचा होता. आणि त्यांना खोकला लागला म्हणून आम्ही महिन्याऐवजी दर आठवड्याला यायला लागलो होतो.

मला रडू आलं, आणि मला रडू आलं की राग येतो. मी आत जाऊन नवऱ्याला गदागदा हलवून उठवलं आणि लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवला. "ही बघ तुझी जिनिंग." त्याला समजायला दोन मिनिटं लागली. मग त्याने खिडकीतून अंगणातल्या राखेकडे पाहिलं. सोमवारचा खोकला त्यालाही कळला होता.

आम्ही तिघं ओसरीवर बसलो. सांगायचं कोणी, हे न ठरवता मीच सुरुवात केली. तंबूतला सिनेमा आणि बिडीचा धूर यांची आठवण करून दिली. गोवऱ्यांचा धूर तसाच, पण त्याहून बारीक, दिसायचा थांबला तरी हवेत राहतो आणि छातीत उतरतो, असं सांगितलं. रविवारच्या रेघेवर बोट ठेवून दाखवलं. त्या लक्षपूर्वक ऐकत होत्या. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो असा, "म्हंजे घर चांगलं हाय?"

"घर चांगलं आहे, आई. तुमच्या घरासारखं घर नाही."

"आन तुही मशीन खोटं नाई बोलत."

"यात नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा उजेड आला. त्यांनी शेजारच्या गाठोड्याची गाठ हाताने चाचपली आणि सोडायला लागल्या. "मंग मी कायले येऊ यवतमाळले? विषय बंद."

"विषय बंद," नवरा म्हणाला. "तू इथीच राह्य, आई. पन गवऱ्या बंद. आजपासून एक गवरी पेटवायची नाई. रोडगे नाई, काही नाई."

गाठ सोडणारा हात थांबला. "रोडगे नाई?"

"नाई."

"आन तुमी आल्यावर?"

"आमी आलो तरी नाई."

"मंग राहू दे खोकला," त्या लगेच म्हणाल्या. "एवढा काई नाई तो. नळकांडं हाय ना डॉक्टरचं."

नवरा उठला, अंगणात गेला आणि त्याने भिंतीशी रचलेल्या गोवऱ्यांवर बादलीभर पाणी ओतलं. एरवी त्या धावून गेल्या असत्या. पूर्ण हिवाळ्याच्या गोवऱ्या होत्या त्या, एकेक हाताने थापलेली. पण त्या जागच्या हलल्या नाहीत. अर्धवट सुटलेलं गाठोडं मांडीवर घेऊन बसून राहिल्या आणि त्यांनी हळूच मला विचारलं. नवऱ्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

"मंग तुमी येसान कायले?"

मला वाटलं त्या टोमणा मारताहेत. त्यांना टोमणे छान मारता येतात. म्हणून मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आई, आम्ही काय रोडगे खायला येत होतो का?"

त्यांनी माझ्याकडे फक्त पाहिलं, आणि ते पाहणं टोमण्याचं नव्हतं. अकरा वर्षं त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मी त्यांच्या मांडीवरचं गाठोडं काढून घेतलं आणि त्यातली लुगडी एक एक करून कपाटात ठेवायला आत गेले.